रिम एक, कप दोन : माउथपीस घडवून घेण्याविषयी वाचकांचे प्रश्न

ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटसारखेच, पण मऊ नादाचे ब्रासवाद्य) यांसाठी माउथपीस खास घडवून घ्यावा का, आणि घ्यायचा झाल्यास कारागिराला नेमके काय सांगावे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. काही पत्रांतील प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते, म्हणून ते संक्षेपाने मांडून त्यांना येथे एकत्रच उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी काही वर्षांपासून ट्रम्पेट वाजवतो. वाद्याबरोबर मिळालेला बाख कंपनीचा ७सी हाच माउथपीस अजूनही वापरतो. हाय सीच्या वरचे सूर लागत नाहीत, लागले तर टिकत नाहीत. बँडमधील सहकारी म्हणतात, उथळ कपाचा माउथपीस खास बनवून घे, म्हणजे प्रश्न सुटेल. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : लगेच ऐकू नये. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार माउथपीसच्या बाबतीत फार घडतो. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे एक असतीलच असे नाही. सकाळी, ओठ ताजे असताना, तो सूर मुळातच लागत नसेल, तर दोष बहुधा श्वासाचा, जिभेच्या ठेवणीचा किंवा ओठांवरील अतिरिक्त दाबाचा आहे. तो कोणताही कारागीर लेथवर कापून काढू शकत नाही. सकाळी सूर लागतो आणि तासाभराच्या वादनानंतर हरवतो, असे असेल तर रिमकडे पाहण्यास जागा आहे. सूर लागतो, टिकतोही, पण ट्यूनरवर चढा किंवा उतरलेला दिसतो, असे असेल तर कप आणि बॅकबोअर यांचा विचार करावा.

माउथपीसचे पाच भाग ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजणे सोपे जाते. ओठांना टेकते ती रिम, तिच्या आतला कप, कपाच्या तळाचे अरुंद छिद्र म्हणजे थ्रोट, तेथून पुढे रुंदावत जाणारी आतली नळी म्हणजे बॅकबोअर, आणि वाद्यात बसणारा बाहेरचा निमुळता भाग म्हणजे शँक. यांपैकी रिमचा संबंध प्रामुख्याने ओठांशी, म्हणजे आराम, दमसास आणि लवचीकता यांच्याशी असतो. नादाचा रंग आणि सुरांची शुद्धता मुख्यतः रिमच्या खाली ठरते.

उथळ कप वरच्या सुरांना मदत करतो, हे खोटे नाही. मात्र ती मदत कशी होते ते पाहावे. माउथपीसची रिम तळहातावर हलकेच आपटली की शँकमधून ‘टप्’ असा एक ठरावीक उंचीचा आवाज येतो. ती त्या माउथपीसची स्वतःची कंपनसंख्या होय. ट्रम्पेटच्या माउथपीसमध्ये ती साधारणपणे ८०० हर्ट्झच्या आसपास असते आणि त्या परिसरातील स्वरांश माउथपीस उचलून धरतो. कपाचे घनफळ कमी केले की ही कंपनसंख्या वर सरकते, नादात चमक येते आणि वरचे सूर थोडे चढे होतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनाड यांनी ब्रासवाद्यांवर जे काम केले, त्यात माउथपीसचे एकूण घनफळ आणि ही कंपनसंख्या या दोन गोष्टी वाद्याशी जुळल्या पाहिजेत, यावर मोठा भर आहे. म्हणजे उथळ कपाने तुमचा सूर ‘वर जात’ नाही. तो सूर ओठांनीच काढावा लागतो, फक्त तो अधिक तेजस्वी ऐकू येतो आणि त्यामुळे कमी बळात काम भागते. याची किंमत खालच्या सप्तकात मोजावी लागते. शिवाय बराच वेळ वाजवल्यावर ओठ किंचित सुजतात. कप फार उथळ असेल तर ते त्याच्या तळाला टेकतात आणि नाद अचानक गुदमरतो. बिग बँडमध्ये पहिली ट्रम्पेट वाजवणारे उथळ कप घेतात, कारण त्यांना तो चमकदार नाद रात्रभर हवा असतो. मायल्स डेव्हिस हे मात्र खोल कपाचा हाइम माउथपीस ट्रम्पेटवर वापरत, कारण त्यांना हवा असलेला नादच निराळा होता.

तुमच्यासाठी सल्ला असा की, आधी एखाद्या शिक्षकासमोर बसून दाबाची तपासणी करून घ्यावी. त्यानंतरही गरज वाटली, तर घडवून घेण्याच्या आधी बाख ३सी किंवा ५सी यांसारखा तयार माउथपीस उसना घेऊन पाहावा. ७सीच्या रिमची आतली धार काहीशी तीक्ष्ण असते. दाबाची सवय असलेल्या वादकाच्या ओठांना ती लवकर थकवते. कदाचित तुमची निम्मी तक्रार त्या धारेचीच असेल.

प्रश्न : एका कंपनीचा आकडा मोठा म्हणजे कप मोठा, तर दुसऱ्या कंपनीत नेमके उलट. कोष्टके पाहून डोके गरगरते. व्यास किती असावा, याचा सरळ नियम आहे का?

उत्तर : सरळ नियम नाही, पण गोंधळ उलगडता येतो. बाखच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा, आणि अक्षर ए म्हणजे सर्वांत खोल, पुढची अक्षरे क्रमाने उथळ. शिल्के कंपनीच्या पद्धतीत हे दोन्ही उलटे असते: आकडा मोठा तर व्यास मोठा, आणि ए म्हणजे सर्वांत उथळ. त्यानंतरचा आकडा रिमचा आकार सांगतो, १ म्हणजे सर्वांत गोलसर आणि ५ म्हणजे सर्वांत सपाट. शेवटचे अक्षर बॅकबोअरचे. म्हणून शिल्के १४ए४ए याचा अर्थ मोठ्याकडे झुकणारा व्यास, उथळ कप, सपाटीकडे झुकणारी रिम आणि घट्ट बॅकबोअर. यामाहाची पद्धत शिल्केच्या वळणाने जाते.

आता खरी गोम. बाखच्या कोष्टकात ७सीचा व्यास १६.२० मिलिमीटर आणि ३सीचा १६.३० मिलिमीटर दिलेला आहे. फरक एक दशांश मिलिमीटरचा, पण ओठांना हे दोन माउथपीस अगदी वेगळे लागतात. याचे कारण व्यासात कमी आणि धारेत जास्त आहे. कपाच्या भिंती सरळ उभ्या नसतात. रिमच्या माथ्यापासून किती खोलीवर माप घेतले त्यावर व्यास बदलतो, आणि प्रत्येक उत्पादक आपापल्या ठिकाणी माप घेतो. गोल धारेची रिम ओठांना मोठी वाटते, टोकदार धारेची लहान, मग कागदावर दोन्ही सारख्या का असेनात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून मागणी नोंदवणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.

याच पत्रात तुम्ही विचारले आहे, की मोठ्या ऑर्केस्ट्रातील वादक मोठा व्यास वापरतात तर आपणही वापरावा का. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४८ ते २००१ या काळात प्रमुख ट्रम्पेटवादक राहिलेले ॲडॉल्फ हर्सेथ यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९५२ मध्ये मोटार अपघातात त्यांचे ओठ आणि दात जखमी झाले, आणि त्यानंतर ते मोठ्या व्यासाकडे वळले. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांपैकी किती जणांना असे कारण होते, हा विचार प्रत्येकाने करावा. जाड ओठांना मोठा कप आणि पातळ ओठांना लहान, हाही समज फारसा खरा ठरत नाही. समोरच्या दातांची ठेवण आणि रिम नेमकी कोठे टेकते, यांना अधिक महत्त्व आहे.

प्रश्न : मी एकाच कार्यक्रमात ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न दोन्ही वाजवतो, कधी कधी बदलायला चार-पाच मापांचाच (बारचाच) अवकाश मिळतो. फ्लूगल हातात घेतले की पहिले काही सूर हमखास फसतात. दोन्हींसाठी एकसारखा माउथपीस घडवून घ्यावा असा विचार आहे. शिवाय माझे फ्लूगल जुने आहे आणि त्यात तयार माउथपीस नीट बसत नाहीत.

उत्तर : खास घडवून घेण्याचा खर्च ज्या कामासाठी सर्वाधिक सार्थ ठरतो, ते हेच काम. मात्र ‘एकसारखा’ हा शब्द कारागिराला तसाच सांगू नये. रिम एकसारखी असावी. रिमच्या खालचे काहीही एकसारखे असू नये.

ट्रम्पेटची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकसमान व्यासाची असते, तर फ्लूगलहॉर्न तोंडाजवळ अरुंद सुरू होऊन सतत रुंदावत जाते. मध्यम-मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) ट्रम्पेटची नळी ११.६६ मिलिमीटरची असते, तर पुष्कळ फ्लूगलहॉर्नच्या व्हॉल्व्हमधील नळी अवघी १०.५ मिलिमीटरच्या आसपास असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पसरलेला नाद रुंद नळीचा नसून शंकूच्या आकाराचा आहे. या शंकूला साजेसा कप म्हणजे खोल, नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा, ज्यात कप कोठे संपला आणि थ्रोट कोठे सुरू झाले हे बोटाने सांगता येत नाही. ट्रम्पेटसारखा उथळ, वाटीदार कप फ्लूगलचा शँक लावून घेतला, तर वरचे सूर सोपे वाटतात, पण हाती राहते ती मऊ आवाजाची, बेसूर ट्रम्पेट. फ्लूगलवर ट्रम्पेटचे हाय सूर मारण्याची हौस असणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी ट्रम्पेटच वाजवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिम एकच ठेवण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे आटे असलेली, सुटी होणारी रिम. काही उत्पादक एकाच रिमखाली बसतील असे ट्रम्पेटचे आणि फ्लूगलचे कप बनवतात. तुमची सध्याची ट्रम्पेटची रिम आवडती असेल, तर ती मोजून किंवा स्कॅन करून तिची नक्कल फ्लूगलच्या कपावर उतरवता येते. कार्यक्रमात अर्थातच दोन स्वतंत्र रिम लागतील. चार मापांत आटे फिरवत बसता येत नाही. येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगायला हवी. रिम अगदी तीच असली, तरी तिच्याखालचा निमुळता कप ओठांपासून लवकर दूर जातो, त्यामुळे फ्लूगलवर तीच रिम किंचित अधिक टोकदार आणि व्यास किंचित मोठा असल्यासारखा भास होतो. तो भास काही दिवसांत जातो. तसा तो गेला नाही, तर फ्लूगलच्या रिमची आतली धार अगदी जराशी गोल करून घ्यावी. व्यास मात्र बदलू नये. काही चांगले वादक याउलट दोन वाद्यांना मुद्दाम भिन्न रिम वापरतात आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. पण ज्याचे पहिले सूर फसतात त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता शँकविषयी. खरे तर हा भाग तुम्ही पत्रात पहिला लिहायला हवा होता. ट्रम्पेटच्या शँकचा निमुळतेपणा बहुतांशी ठरून गेला आहे, फ्लूगलचा नाही. ढोबळपणे तीन प्रकार आढळतात: मोठा मोर्स, लहान मोर्स आणि जुन्या फ्रेंच घडणीचा, जो जवळजवळ सरळ असतो. कूनॉन या फ्रेंच कंपनीची जुनी फ्लूगल या तिसऱ्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहेत. चुकीचा शँक ओळखण्याची साधी रीत अशी: माउथपीस हलक्या हाताने बसवून रिमला अंगठ्याने एका बाजूने दाबावे. किंचितही डुलला, तर निमुळतेपणा जुळत नाही. मग शँकवर पेन्सिलीने लांबीच्या दिशेने रेघ ओढून तो बसवावा, थोडा फिरवावा आणि बाहेर काढून पाहावा. रेघ सबंध लांबीत पुसली गेली असेल तर ठीक. फक्त तोंडाशी किंवा फक्त टोकाशी पुसली गेली असेल, तर तो माउथपीस त्या वाद्याचा नव्हे. फ्लूगल सुरात आणण्यासाठी संपूर्ण लीडपाइपच (माउथपीसनंतरची पहिली नळी) आत-बाहेर सरकवावा लागतो, त्यामुळे शँक नको तितका बाहेर राहिला, की लीडपाइप पूर्ण आत ढकलूनही वाद्य उतरलेलेच राहते. कारागिराला वाद्याचे नाव आणि मॉडेल तर कळवावेच, पण वाद्य जुने असेल तर रिसीव्हरचे (शँक ज्यात बसतो त्या भागाचे) दोन ठिकाणचे आतले व्यास मोजून देणे किंवा नीट बसणारा एखादा जुना माउथपीस नमुना म्हणून पाठवणे अधिक भरवशाचे.

प्रश्न : ‘गॅप’ हा शब्द वारंवार वाचनात येतो. ट्रम्पेटसाठी नवा माउथपीस घेताना त्याची चिंता करावी का?

उत्तर : शँकचे टोक आणि रिसीव्हरच्या आत सुरू होणारा लीडपाइप यांमध्ये जी रिकामी जागा उरते, ती गॅप. साधारण ३ मिलिमीटर हे माप प्रचलित आहे, पण प्रत्येक वाद्य आणि वादक यांच्यागणिक ते थोडे बदलते. पैसे खर्च करण्याआधी कागदाची एक पातळ पट्टी शँकभोवती एकच वेढा देऊन लावावी; माउथपीस कमी आत जातो आणि गॅप वाढते. सूर अधिक नेमके बसू लागले, तर दिशा सापडली. पट्टीने काम बिघडले, तर शँक उलट अधिक आत जायला हवा असेल, आणि ते काम मात्र लेथवरच होते. गॅप बदलण्यासाठी शँकवर बदलत्या जाडीच्या बाह्या चढवण्याची सोय काही उत्पादक देतात. ज्यांच्याकडे दोन ट्रम्पेट आहेत, त्यांना ती विशेष उपयोगी पडते.

प्रश्न : थ्रोट मोठे केल्याने नाद मोठा होतो असे ऐकले. ओळखीच्या लेथवाल्याकडून ड्रिल मारून घेऊ का?

उत्तर : नको. बाखचे प्रमाण थ्रोट २७ क्रमांकाच्या ड्रिलचे, म्हणजे ३.६६ मिलिमीटरचे असते. २६ क्रमांकाचे ३.७३. या सात शतांश मिलिमीटरचा फरक जाणत्या वादकाला जाणवतो, आणि साध्या ड्रिलने तेवढी अचूकता साधत नाही. छिद्र मोठे करताना त्याच्या सरळ भागाची लांबीही बदलते आणि सप्तकांमधील अंतर बिघडू शकते. काढलेला धातू परत चढवता येत नाही. प्रयोग करायचाच असेल, तर त्याच मॉडेलचा मोठ्या थ्रोटचा माउथपीस मागवून तुलना करावी.

प्रश्न : चांदीचा मुलामा असलेल्या माउथपीसने ओठांभोवती लाली आणि खाज येते. सोन्याचा मुलामा द्यावा, की प्लॅस्टिकची रिम घ्यावी?

उत्तर : आधी मुलामा झिजला आहे का ते उजेडात पाहावे. रिमच्या माथ्यावर पिवळट धातू दिसत असेल, तर त्वचेला उघडे पितळ लागत आहे आणि तो माउथपीस लगेच बाजूला ठेवावा. मुलामा शाबूत असूनही त्रास होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी. निकेलची ॲलर्जी बऱ्याच लोकांना असते. सोन्याचा मुलामा बहुतेकांना मानवतो, मात्र रिम किंचित निसरडी वाटते आणि काहींना तेच आवडते. प्लॅस्टिकची किंवा पोलादाची रिमही चालते. मुलाम्याच्या धातूने नाद पालटतो, असे ठासून सांगणाऱ्यांवर आम्ही फार विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : कारागीर दूर आहे, प्रत्यक्ष भेट शक्य नाही. मागणीच्या पत्रात काय लिहावे आणि आलेला माउथपीस कसा पारखावा?

उत्तर : ‘गडद पण चमकदार, मोठा पण सोपा’ अशा विशेषणांनी कारागीर काहीही घडवू शकत नाही. सध्याचा माउथपीस, दोन्ही वाद्यांची मॉडेले, तुम्ही कोणत्या प्रकारचे संगीत किती वेळ वाजवता, आणि एकच तक्रार, तीही ज्या सुरावर येते त्या सुराच्या नावासह लिहावी. उदाहरणार्थ, ‘स्वरलिपीच्या पाच रेषांच्या वरचा जी तासाभरानंतर चढतो आणि रिमची बाहेरची कड वरच्या ओठात रुतते.’ एवढ्यावरून जाणता कारागीर नेमका प्रश्न विचारतो. एका मागणीत एकच गोष्ट बदलावी. रिम, कप आणि बॅकबोअर एकाच वेळी बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली हेही कळत नाही आणि बिघाड कशामुळे हेही. पूर्णपणे नव्याने आखलेल्या माउथपीसची गरज फार थोड्यांना असते. तयार रिम, कप आणि बॅकबोअर जुळवून बहुतेकांचे काम होते.

पारख करताना पहिल्या दहा मिनिटांवर मुळीच जाऊ नये. नवा माउथपीस नेहमीच चांगला वाटतो. दुसऱ्या रेषेवरचा जी जीभ न लावता, केवळ श्वासाने, जितका हळू सुरू होईल तितका हळू सुरू करावा. ओठ विनासायास कंप पावू लागले तर रिम आणि थ्रोट जुळले. मग खालचा, मधला आणि वरचा सी ट्यूनरवर ताडून पाहावा. तिसरी चाचणी तालमीच्या शेवटी, ओठ थकलेले असताना घ्यावी, कारण खरा वापर तेव्हाच सुरू होतो. जमल्यास सहकाऱ्याने जुना आणि नवा माउथपीस न सांगता हातात द्यावेत आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ध्वनिमुद्रण करावे. वाद्याच्या घंटेच्या (पुढच्या रुंद तोंडाच्या) मागे उभ्या असलेल्या वादकाला ऐकू येणारा नाद आणि समोरच्याला ऐकू येणारा नाद यांत पुष्कळ अंतर असते. परतीची मुदत आणि ओरखड्यांविषयीची अट आधीच लेखी विचारून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, उत्तम वाजवते आणि तिच्या दातांना नुकत्याच तारा बसवल्या आहेत. तिच्यासाठी मऊ रिमचा माउथपीस बनवून घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. तारांचा उपचार चालू असताना दात सतत सरकत असतात, त्यामुळे आज जुळलेली रिम काही महिन्यांनी जुळेनाशी होऊ शकते. तोपर्यंत थोडी रुंद आणि गोल धारेची तयार रिम वापरावी, तारांवर लावायचे मेण दंतवैद्यांकडून घ्यावे, आणि सरावाचे सत्र लहान करून दिवसातून अधिक वेळा ठेवावे. तारा निघाल्यावर ओठांची ठेवण नव्याने बसायला काही आठवडे जातात. मापे त्यानंतर घ्यावीत.